मॉर्मन स्त्रीवादाचा अभ्यास कसा करावा

मॉर्मन या एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत स्थापन झालेल्या ख्रिस्ती पंथातील स्त्रीवादी स्त्रियांविषयी वाचताना बहुतेकांना पहिला प्रश्न पडतो तो असा, की या स्त्रिया पंथ सोडून का जात नाहीत. अभ्यासाची सुरुवात या प्रश्नाने करू नये. समानतेचा धागा आपल्या धर्मपरंपरेतच आहे, असे त्यांपैकी अनेकींचे म्हणणे आहे आणि ते त्या परंपरेच्या कागदपत्रांतूनच तपासावे लागते.

प्रथम ‘याजकत्व’, म्हणजे देवाच्या नावाने विधी व नेतृत्व करण्याचा अधिकार, ही संज्ञा समजून घ्यावी. या पंथात साधारण बाराव्या वर्षापासून पात्र मुलग्यांना याजकत्व मिळते; स्त्रियांना ते मिळत नाही. प्रभुभोजनाचा (येशूच्या स्मरणार्थ भाकर व पाणी वाटण्याचा) विधी, बाप्तिस्मा देणे आणि स्थानिक मंडळीचे नेतृत्व हे सारे त्यावर अवलंबून असते. त्यामुळे मुलगा प्रभुभोजनाची भाकर वाटतो, पण त्याच्या आईकडे ते काम कधीच येत नाही. वादाचे मूळ इथे आहे.

त्यानंतर थेट १८४२ च्या इतिवृत्ताकडे वळावे. त्या वर्षी १७ मार्चला इलिनॉय राज्यातील नावू येथे ‘रिलीफ सोसायटी’ ही स्त्रियांची संस्था स्थापन झाली. एमा स्मिथ अध्यक्ष आणि एलायझा स्नो चिटणीस होत्या. पंथाचे संस्थापक आणि एमा यांचे पती जोसेफ स्मिथ यांनी २८ एप्रिलच्या सभेत देवाच्या नावाने अधिकाराची किल्ली स्त्रियांकडे सोपवल्याचा आशय मूळ नोंदीत आहे. पंथाच्या अधिकृत इतिहासात मात्र ती किल्ली ‘तुमच्या वतीने’ फिरवल्याचे छापले गेले. हे दोन्ही पाठ शेजारी ठेवून सावकाश वाचावेत. एका शब्दप्रयोगाच्या बदलाने अधिकार कुणाच्या हाती राहतो, हे जितके इथे दिसते तितके नंतरच्या कोणत्याही भाषणात दिसत नाही, असे मला वाटते.

मॉर्मन लोकांनी पुढे जिथे वस्ती केली त्या पश्चिम अमेरिकेतील यूटामधील स्त्रियांच्या मताधिकाराबाबत घाईने निष्कर्ष काढू नयेत. तेथील स्त्रियांना १८७० मध्ये मत मिळाले, बहुपत्नीत्वाविरुद्धच्या संघीय कायद्याने १८८७ मध्ये ते काढून घेतले आणि १८९६ मध्ये ते परत मिळाले. त्याच वर्षी मार्था ह्यूज कॅनन अमेरिकेतील पहिल्या महिला राज्य-सिनेटर म्हणून निवडून आल्या. त्या डॉक्टर होत्या आणि बहुपत्नीक विवाहातील चौथ्या पत्नीही होत्या. ही दोन्ही सत्ये एकत्र धरूनच त्यांच्याविषयी लिहावे.

पंथाने केलेल्या बहिष्काराच्या घटना, म्हणजे १९७९ मधील सोनिया जॉन्सन (समान हक्कांच्या घटनादुरुस्तीच्या पुरस्कर्त्या), सप्टेंबर १९९३ मध्ये सहा अभ्यासक-लेखकांवर झालेल्या कारवाया आणि २०१४ मधील केट केली (स्त्रियांना याजकत्व मागणाऱ्या), यांची नोंद अवश्य घ्यावी; पण केवळ त्यांवर थांबल्यास पंथात राहून झटणाऱ्या स्त्रिया नजरेआड होतात. १९७४ मध्ये बॉस्टन परिसरातील स्त्रियांनी ‘एक्स्पोनंट II’ हे नियतकालिक सुरू केले, तेव्हा १८७२ च्या यूटामधील ‘वुमन्स एक्स्पोनंट’ या स्त्री-पत्राचे नाव त्यांनी मुद्दाम पुढे चालवले.

अलीकडच्या बदलांची नोंद करताना काय बदलले आणि काय नाही, हे एकाच ओळीत लिहावे: ऑक्टोबर २०१९ पासून स्त्रिया बाप्तिस्म्याच्या साक्षीदार होऊ शकतात, पण बाप्तिस्मा देऊ शकत नाहीत.