सगळ्या लसी झाल्या, तरी लेकराचा कान फुटला? या चुका टाळा

थंडी पडायला लागली की मेडिकलच्या काउंटरवर एक प्रश्न ठरलेला असतो. "सगळ्या सुया टायमावर दिल्यात हो दादा, मंग कान कसा फुटला?" कार्ड बघितलं तर खरंच पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस) आहे, पीसीव्ही (न्यूमोकोकस जंतूवरची लस) आहे, रकान्यारकान्यात तारखा आहेत. प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर "लस वाया गेली" असं मनाशी धरलं की पुढच्या अर्ध्या चुका तिथूनच सुरू होतात.

लस फसली असं समजणं

मधल्या कानात पू करणारे जंतू मुख्यतः तीन : न्यूमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झा आणि मोराक्झेला. हे बाहेरून कानात शिरत नाहीत. लेकराच्या नाकाच्या मागच्या भागात ते एरवीही मुक्कामाला असतात आणि बहुतेक वेळा गुमान राहतात. सर्दी झाली की नाक आणि कान जोडणारी नळी सुजून बंद होते, मधल्या कानात पाणी साचतं आणि जंतू त्या नळीवाटे वर जातात. लहानपणी ही नळी आखूड आणि जवळपास आडवी असते. म्हणून दोन वर्षांच्या आतल्या लेकरांना हा त्रास जास्त. आंघोळीचं पाणी कानात गेल्यानं मधला कान पिकत नाही, हेही यात आलंच.

आता कार्डावरच्या लसी बघा. पीसीव्ही न्यूमोकोकसवरची. या जंतूचे शंभरहून जास्त प्रकार आहेत आणि लस त्यांतल्या निवडक प्रकारांवर चालते. पुण्यात तयार होणारी १० प्रकारांवर, दुसरी एक १३ प्रकारांवर. पेंटाव्हॅलंटमध्ये 'हिब' आहे खरं, पण ती हिमोफिलसच्या 'बी' प्रकारावर. त्या जंतूला कवच असतं आणि लस ते कवच ओळखायला शिकवते. कानात सापडणाऱ्या हिमोफिलसला बहुतेक वेळा कवचच नसतं, त्यामुळे हिबची लस त्याच्या वाटेलाच जात नाही. मोराक्झेलावर तर लसच नाही.

फिनलंडमध्ये सात प्रकारांच्या न्यूमोकोकस लसीची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००१ मध्ये छापून आले. लसीत असलेल्या प्रकारांमुळे होणारी कानदुखी ५७ टक्क्यांनी घटली, पण लसीत नसलेल्या प्रकारांची ३३ टक्क्यांनी वाढली. सगळी कानदुखी एकत्र मोजली तर घट फक्त ६ टक्के. एकानं जागा सोडली की दुसरा येऊन बसतो, असाच प्रकार. अमेरिकेत २००० साली ही लस आल्यावर पुढच्या काही वर्षांत कानातल्या पाण्यात बिनकवचाचा हिमोफिलस जास्त दिसू लागला आणि न्यूमोकोकसचा १९ए हा प्रकार डोकं वर काढू लागला. २०१० मध्ये आलेल्या १३ प्रकारांच्या लसीत म्हणूनच १९ए घातला. आपल्या १० प्रकारांच्या लसीतही तो आहे.

मग लस द्यायची कशाला? न्यूमोनिया आणि मेंदूज्वरासाठी. लेकरं दगावतात ती त्यानं, कानदुखीनं नव्हे. कानाचा फायदा झाला तर तो वरकड.

नऊ महिन्यांचा डोस राहून जाणं

सरकारी वेळापत्रकात पीसीव्ही दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना आहे. पहिले दोन डोस आशाताई मागे लागून करून घेतात. तिसरा हुकतो, आणि आपल्या मराठवाड्यात तो हुकण्याचं कारण बहुतेकदा ऊसतोड असतं. दिवाळीच्या आसपास बीड, धारूर, केज, वडवणीकडून टोळ्या निघतात, लेकरू कोपीवर (उसाच्या फडाजवळच्या झोपडीत) आणि कार्ड गावाकडच्या पेटीत. डोस कोणत्याही जिल्ह्यातल्या उपकेंद्रात मिळतो, फक्त कार्ड सोबत न्या किंवा निघण्याआधी मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. हा तिसरा डोस म्हणजे बूस्टर; तो चुकलेल्या लेकराला "सगळ्या सुया झाल्या" म्हणता येत नाही.

सिरपची बाटली खिडकीत ठेवणं

हे मी जरा लांबवणार आहे, कारण यातली चूक घरातल्या कुणाच्या लक्षातच येत नाही.

हिमोफिलसचे बरेच वाण आणि मोराक्झेला जवळपास सगळाच, एक रसायन तयार करतात जे अमॉक्सिसिलिन या नेहमीच्या अँटिबायोटिकचे तुकडे करतं. त्याला आवर घालायला अमॉक्सिसिलिनच्या जोडीला क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड देतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'क्लॅव्ह' लिहिलेलं असतं ते हेच. न्यूमोकोकसची तऱ्हा वेगळी. तो औषध जिथे चिकटतं ती जागाच बदलून टाकतो, म्हणून त्याच्यासाठी डॉक्टर कधीकधी अमॉक्सिसिलिनची मात्रा वाढवतात. म्हणजे शेजारच्या पोराला साधं अमॉक्सिसिलिन लागू पडलं म्हणून तुमच्याला पडेलच असं नाही.

क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड नाजूक आहे. ओल आणि उष्णता त्याला सोसत नाही. म्हणून औषध कोरड्या पावडरीच्या रूपात येतं आणि पाणी घातल्यावर बाटली फ्रिजमध्ये ठेवून सात दिवसांत संपवायची असते. परभणी-नांदेडकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, लाइट गेलेली, बाटली पत्र्याच्या खोलीतल्या खिडकीत. चार-पाच दिवसांत पांढुरकं सिरप पिवळं-तपकिरी पडतं. तशी बाटली परत घेऊन लोक येतात आणि म्हणतात, औषधाला गुणच नाही. बाटलीतलं क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड खलास झालेलं असतं आणि उरलेल्या अमॉक्सिसिलिनचा हिमोफिलस फडशा पाडतो.

फ्रिज नसेल तर शेजारी ठेवा, तेही जमत नसेल तर औषध घेतानाच सांगा. डॉक्टरांना विचारून दुसरा पर्याय काढता येतो. पाणी घालायची रीत अशी : आधी बाटली आपटून पावडर मोकळी करा. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी किंवा पॅकमधली पाण्याची कुपी निम्मी घाला, खळखळून हलवा, मग लेबलवरच्या खुणेपर्यंत भरा. फेस खाली बसल्यावर पातळी उतरते, तेव्हा खूण परत बघा. गरम पाणी नको, दूध तर नकोच. प्रत्येक डोसआधी बाटली हलवा, नाहीतर वरचं पाणी आधी जातं आणि तळाचा गाळ शेवटच्या दिवशी.

आणखी एक. दोन वर्षांखालच्या लेकराला सहसा दहा दिवसांचा कोर्स असतो आणि ३० मिलीची एक बाटली त्याला बहुधा पुरत नाही. बाटली संपली म्हणजे कोर्स संपला असं नाही. दुसरी बाटली कोरडीच घरी ठेवा, पहिली संपल्यावर पाणी घाला. जुनी चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की एकाच नावाचं सिरप ५ मिलीला २२८.५ मिलिग्रॅमचं आणि ४५७ मिलिग्रॅमचं, असं दोन ताकदींचं येतं. चमचा तोच ठेवला तर डोस दुप्पट किंवा निम्मा.

"तीन दिवसांचं द्या, मोकळं होतं"

हे म्हणजे अझिथ्रोमायसिन नावाचं अँटिबायोटिक. दिवसातून एकदा, चव बरी, म्हणून लाडकं. पण हिमोफिलसवर त्याचा जोर कमी पडतो आणि न्यूमोकोकसचे बरेच वाण त्याला दाद देत नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत कानाच्या संसर्गासाठी ते मर्यादित उपयोगाचंच मानलं आहे. पेनिसिलिनची खरी अ‍ॅलर्जी असेल तर काय द्यायचं हा डॉक्टरांचा विषय. काउंटरवर मागायचं औषध ते नव्हे.

उलट टोकही असतं : कान दुखला की लगेच अँटिबायोटिक. दोन वर्षांवरचं मूल, एकच कान, ठणका बेताचा, ताप फार नाही, असं असेल तर डॉक्टर दोन-तीन दिवस वाट बघायला सांगतात. बरीच लेकरं तेवढ्यात सावरतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र वाट बघणं लागू नाही. ठणक्यासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल पहिल्याच रात्री द्या. अँटिबायोटिकनं पहिल्या चोवीस तासांत दुखणं थांबत नाही, म्हणून "औषध लागू पडेना" म्हणत दुसऱ्या दिवशी डॉक्टर बदलू नका. ४८ ते ७२ तासांत उतार नसेल तर मात्र परत जा.

कानात काहीबाही सोडणं

लसूण तळलेलं तेल, आईचं दूध, कोमट खोबरेल. आज्जीचा हेतू चांगला असतो, पण पू पडद्याच्या आत आहे आणि तेल बाहेर. पडदा शाबूत असेल तर ते पोचत नाही, फुटलेला असेल तर नको तिथे पोचतं. वर ओलाव्यानं बुरशी धरते ती वेगळीच. थेंबांच्या औषधांचंही तेच. जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले थेंब फुटलेल्या पडद्यातून आतल्या कानाला इजा करू शकतात, म्हणून घरात उरलेली बाटली वापरू नका. कान वाहत असेल तर स्वच्छ सुती कापडाची वात करून अलगद टिपा, ओली झाली की बदला. कापसाचा बोळा कोंबून ठेवू नका.

वाहणाऱ्या कानाचा पू तपासायला दिला आणि रिपोर्टमध्ये स्यूडोमोनास हा जंतू आला, तर लगेच घाबरू नये. तो कानाच्या बाहेरच्या नळीतूनही नमुन्यात येतो. नळी साफ करून नमुना घेतला होता का, एवढं विचारा. कान महिनोन् महिने वाहत असेल तर मात्र स्यूडोमोनास आणि स्टॅफिलोकोकस हेच खरे आरोपी असू शकतात आणि वरचा तीन जंतूंचा हिशेब तिथे चालत नाही.

कान वाहायचा थांबला म्हणजे झालं, असं मानणं

पू गेला तरी पडद्यामागचं पाणी राहतं. महिन्यानंतरही पुष्कळ मुलांत ते असतं, बहुतेकांचं तीन महिन्यांत जिरतं. तोवर लेकराला कमी ऐकू येतं. हाक मारली तर वळत नाही, टीव्हीला चिकटून बसतं, बोलायला उशीर करतं, आणि घरात त्याला हट्टी म्हणतात. तीन महिने उलटूनही असंच असेल तर ऐकण्याची तपासणी करून घ्या. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना स्पष्ट सांगा की कान फुटला होता. ते पुढे पाठवतात. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात कान-नाक-घशाचा विभाग आहे.

पुन्हा पुन्हा होत असेल तर घरातली विडी आणि चुलीचा धूर लेकरापासून लांब करा, आणि आडवं झोपवून बाटलीनं दूध पाजू नका.

कानामागे सूज किंवा लाली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसणं, तोंड एका बाजूला वाकडं होणं, मान ताठ होणं, लेकरू सुस्त पडणं. यांतलं एकही दिसलं तर सकाळच्या ओपीडीची वाट न बघता, जी गाडी मिळेल ती धरून निघा.