चीनची आधुनिक चांदीची नाणी: संग्रह कसा करावा आणि एकेका नाण्याचा माग कसा काढावा

संग्राहकांच्या बोलण्यात ‘आधुनिक चिनी नाणी’ म्हणजे पीपल्स बँक ऑफ चायना या चीनच्या मध्यवर्ती बँकेने १९७९ पासून काढलेली मौल्यवान धातूंची स्मारक नाणी आणि त्यांच्याच बरोबरीने येणारी पांडा नाणी. यांच्यावर दर्शनी मूल्य असले तरी ती बाजारात कधी फिरली नाहीत; टांकसाळीतून निघून ती विक्रेत्याकडे आणि तेथून कोणाच्या तरी कपाटात गेली. जुन्या रुपयाच्या झिजेवरून त्याने पाहिलेल्या दिवसांचा अंदाज बांधता येतो, तशी सोय येथे नाही. एकेका नाण्याचा माग वेष्टण, प्रमाणपत्र, लिलावातील छायाचित्रे आणि पृष्ठभागावरील सूक्ष्म खुणा यांवरूनच काढावा लागतो.

सुरुवात एकाच मालिकेने करावी. चांदीचा पांडा हा सर्वांत परिचित मार्ग आहे: १९८३ ते १९८५ या तीन वर्षांची १० युआनची नाणी प्रूफ पद्धतीची (म्हणजे खास पाडलेली, आरशासारख्या पृष्ठभागाची), २७ ग्रॅम वजनाची आणि ९० टक्के चांदीची आहेत, १९८७ चे नाणे एक औंसाचे आणि ९२.५ टक्के चांदीचे आहे. १९८९ पासून ९९.९ टक्के चांदीचे एक औंसाचे नाणे रूढ झाले. आणि २०१६ मध्ये औंस सोडून ३० ग्रॅमचे माप स्वीकारले गेले. २०१५ च्या नाण्यावर वजन आणि शुद्धता कोरलेलीच नाही, त्यामुळे ते पाहून नवखा संग्राहक हमखास बिचकतो. ते नाणे तसेच आहे. माझे मत विचाराल, तर १९८४ पासून निघालेली ऐतिहासिक व्यक्तींची ५ युआनची मालिका शिकण्यासाठी अधिक चांगली आहे. तत्त्वज्ञ लाओ त्झू, इतिहासकार सिमा छ्यान, कवी ली बाय आणि दू फू अशी माणसे तिच्यात भेटतात, आणि पांड्याइतकी गर्दी तिच्याभोवती नसल्याने शांतपणे अभ्यास करता येतो.

किती नाणी पाडली गेली, हा आकडा जपून वापरावा. १९८३ च्या चांदीच्या पांड्यासाठी १०,००० हा आकडा दिला जातो, तर २०११ च्या पांड्याची मर्यादा आधी ३० लाख जाहीर झाली आणि त्याच वर्षी ती ६० लाखांवर नेण्यात आली. जाहीर मर्यादा, प्रत्यक्ष पाडलेली नाणी आणि आज शिल्लक असलेली नाणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐंशी-नव्वदच्या दशकांतील काही स्मारक नाणी मर्यादेइतकी पाडलीच गेली नाहीत, तर काही न विकल्यामुळे वितळवली गेली. म्हणून नोंदवहीत आकडा लिहिताना तो यांपैकी कोणता आहे, हेही शेजारी लिहावे.

त्यानंतर उपप्रकार ओळखावा. नव्वदच्या दशकातील अनेक पांड्यांवर एकाच वर्षाचे आकडे मोठ्या आणि लहान अशा दोन आकारांत आढळतात. २००० च्या नाण्यात कडेलगतचे वलय कधी धुरकट तर कधी आरशासारखे असते. हे भेद सहसा वेगवेगळ्या टांकसाळींशी जोडले जातात. शांघाय, शेनयांग आणि शेनझेन ही नावे या संदर्भात वारंवार येतात. २००१ आणि २००२ च्या पांड्यांवर चित्र एकच आहे, तेव्हा तेथे वर्ष वाचूनच निर्णय करावा.

खरे-खोटे तपासताना वजन, व्यास आणि जाडी ही तिन्ही मापे एकत्र पाहावीत, कारण हलक्या धातूचे नकली नाणे वजनाला बरोबर ठेवायचे तर ते जाड किंवा रुंद करावे लागते. पाण्यात बुडवून घनता काढण्याची पद्धत प्रूफ नाण्यावर मुळीच वापरू नये. पाण्याचे डाग कायमचे राहू शकतात. मानांकन संस्था नाणे तपासून, त्याचा दर्जा ठरवून ते क्रमांकासह पारदर्शक डबीत सीलबंद करतात; अशा नाण्याचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळावा, आणि तेथे छायाचित्र असेल तर ते हातातल्या नाण्याशी जुळवून पाहावे, कारण नकली डबीवर खरा क्रमांक छापलेला असू शकतो.

आता माग काढण्याकडे वळू. प्रमाणपत्रावर छापलेला क्रमांक नाण्यावर कोठेही नसतो, त्यामुळे प्रमाणपत्र आणि नाणे एकदा वेगळे झाले की त्यांचा संबंध सिद्ध करता येत नाही. त्यापेक्षा डबीचा क्रमांक भक्कम पुरावा असतो. मात्र डबी फोडून नाणे पुन्हा मानांकनाला पाठवले तर त्याला नवा क्रमांक मिळतो आणि जुना क्रमांक संस्थेच्या यादीत तसाच राहू शकतो. एकाच नाण्याची दोनदा गणना होते ती अशी.

जुन्या लिलावाच्या छायाचित्राशी नाणे जुळवताना तीन प्रकारच्या खुणा वेगळ्या ठेवाव्यात. ठशातील दोषामुळे उठलेली बारीक रेघ त्या ठशाने पाडलेल्या अनेक नाण्यांवर सारखीच असते, म्हणून तिच्यावरून विशिष्ट नाणे ओळखता येत नाही. चांदीवर चढलेला रंग आणि दुधाळ डाग काळाबरोबर बदलतात, शिवाय रंग रसायनाने धुताही येतो, म्हणून तो जुळला नाही तरी नाणे वेगळेच आहे असे म्हणता येत नाही. खरी साक्ष देतात ते ओरखडे आणि टोचे. ते वाढतात, पण आपोआप नाहीसे होत नाहीत. जुन्या छायाचित्रात स्पष्ट दिसणारा टोचा आजच्या नाण्यावर नसेल आणि तेथे घासल्याची किंवा बुजवल्याची खूणही नसेल, तर ते नाणे वेगळे समजावे. उलट क्रमाने हाच नियम लावता येत नाही, कारण नवा ओरखडा मधल्या काळात पडलेला असू शकतो.

नाणे हाती आले त्याच दिवशी दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे घ्यावीत. एकदा सरळ प्रकाशात आणि एकदा तिरप्या प्रकाशात, कारण प्रूफ नाण्याच्या आरशासारख्या भागावरचे ओरखडे तिरप्या प्रकाशातच उठून दिसतात. विक्रेता, तारीख, किंमत, प्रमाणपत्र क्रमांक आणि वेष्टणाची अवस्था त्याच पानावर लिहावी. आधीचा मालक जे सांगेल ते ‘विक्रेत्याच्या सांगण्यानुसार’ असे वेगळे नोंदवावे आणि पडताळलेल्या माहितीत मिसळू नये. मऊ पीव्हीसीच्या पाकिटातले नाणे शक्य तितक्या लवकर अक्रिय प्लॅस्टिकच्या डबीत हलवावे, परंतु मूळ पाकीट, त्यावरचे शिक्के आणि विक्रेत्याची चिठ्ठी फेकू नये. ती नाण्यापासून दूर वेगळ्या लखोट्यात ठेवून त्यावर नोंदवहीतील पान क्रमांक घालावा.