गावचं संग्रहालय मांडताना या चुका टाळा

नगरपालिकेची जुनी इमारत, वाचनालयाची माडी, नाहीतर कुणाच्या वाड्याची ओसरी. तालुक्याच्या गावातलं संग्रहालय बहुधा अशाच जागी सुरू होतं. हौस दांडगी असते, वस्तूही बऱ्यापैकी जमतात. घोळ होतो तो पाट्या लिहिताना आणि साफसफाई करताना.

आधी पाट्यांचं बघू. तलवार दिसली की ‘शिवकालीन’, तांब्याची शिवराई दिसली की ‘शिवाजी महाराजांचं नाणं’. शिवराई महाराजांनी सुरू केली हे खरंच, पण शिवराया पुढे पेशवाईत आणि पेशवाई बुडाल्यावरही पाडल्या जात होत्या. त्यामुळे कपाटातल्या ओंजळभर नाण्यांपैकी बहुतेक नंतरची निघण्याचीच शक्यता जास्त. जाणकाराने पाहीपर्यंत ‘शिवराई, तांबे, वजन इतके ग्रॅम, अमुक मळ्यात सापडली’ एवढंच लिहा. पाटीवर न पटणारा मोठेपणा चिकटवला की जाणता माणूस शेजारच्या खऱ्या वस्तूकडेही संशयाने बघतो.

सनावळीत तर हमखास फसगत होते. मराठवाड्यातल्या एखाद्या महसुली कागदावर १३५७ आकडा दिसतो. उत्साही मंडळी त्याला शक समजून ७८ मिळवतात आणि कागद थेट १४३५ सालचा ठरवतात. तो असतो निजामाच्या राज्यातला फसली, म्हणजे महसुली सन. त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे १९४७-४८. हैदराबादवरच्या १९४८ च्या पोलीस कारवाईच्या अलीकडे-पलीकडचा कागद. पेशवाईतल्या मोडी कागदांवर शुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत आणि एककापासून सुरू होणारा. ‘इहिदे अशर मया व अलफ’ म्हणजे एक, दहा, शंभर आणि हजार, मिळून ११११. हा सन मृगाला बदलतो, म्हणून कागद जानेवारी ते मे मधला असेल तर ६०० आणि मृगापासून डिसेंबरपर्यंतचा असेल तर ५९९ मिळवायचे. इथे १७१०-११ येतं.

आणि हो, मोडी कागद फ्रेममध्ये उलटा लागलेला नाही ना, तेवढं बघून घ्या. मोडीत आधी आडवी रेघ मारून तिच्याखाली अक्षरं काढतात. रेघ अक्षरांच्या पायाशी दिसत असेल तर फ्रेम फिरवा. मजकूर मात्र मोडी येणाऱ्याकडूनच वाचून घ्या; राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, तिथून शिकलेलं कुणी ना कुणी जवळपास सापडतं.

वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची कोरीव स्मारकशिळा, खालून वर वाचतात: तळाला लढाई, मध्ये अप्सरा वीराला नेताहेत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. वरून खाली वर्णन लिहिलं की मेलेला वीर पुन्हा लढायला उतरतो. वीरगळाला ऑइलपेंट तर मुळीच लावू नका.

साफसफाईत सगळ्यात जास्त हाल होतात तांब्याचे. उद्घाटन जवळ आलं की कुणीतरी ताम्रपटाला चिंच किंवा पितांबरी लावतं. पत्रा लखलखतो, पण हिरवट-तपकिरी थराबरोबर उथळ कोरलेल्या अक्षरांच्या कडाही झिजतात, आणि तो मजकूर परत येत नाही. घट्ट बसलेला गडद थर तसाच राहू द्या. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र तो रोग आहे. ती वस्तू बाकीच्यांपासून वेगळी काढा, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून कोरडी ठेवा आणि जाणकाराला बोलवा.

कागदाला सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच नको. तापवून चिकटवलेलं प्लॅस्टिक नंतर काढताना कागदच फाटून येतो. कागद आणि कापडासाठी ५० लक्स उजेड पुरतो, म्हणजे मंदच. कपाटाच्या आतली ट्यूब काढून टाका, मांडणीत चांगली रंगीत प्रत लावा आणि मूळ कागद अंधारात सपाट ठेवा. पैठणी घडी घालून खिळ्यावर टांगली की जर घडीवरच तुटते. मलमल गुंडाळलेल्या नळीवर ती सैल गुंडाळा.

नोंद नसेल तर हे सगळं करूनही फार काही हाती लागत नाही. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक असलेलं तगर. तिथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांवरून मिळालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी जपल्या आणि त्यांतून आजचं सरकारी संग्रहालय उभं राहिलं. तेरच्या हस्तिदंती बाहुलीशी मिळतीजुळती मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत सापडली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीचीच. जागा पक्की ठाऊक असल्याने काळ ठरला आणि तेरच्या बाहुलीच्या काळालाही आधार मिळाला. तीच मूर्ती कुणी ठावठिकाणा नसलेल्या पेटीतून आणून दिली असती तर नुसतीच सुंदर राहिली असती.

म्हणून वस्तू आत येते त्याच दिवशी बांधीव रजिस्टरात क्रमांक, कुणाकडून आली, कुठल्या गावात, कुठल्या शिवारात सापडली, हे लिहा. क्रमांकाची चिठ्ठी सुती नाडीने बांधा, वस्तूवर मार्करने लिहू नका. जुने फोटो गावातल्या म्हाताऱ्यांना दाखवून त्यांतल्या माणसांची नावं झेरॉक्सवर डावीकडून उजवीकडे लिहून घ्या; हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखं नाही. दानपत्रावर सही घ्या, नाहीतर दहा वर्षांनी नातू येतो आणि आजोबांनी अडकित्ता फक्त बघायला दिला होता म्हणतो. (दात्याचं नाव वस्तूच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात लिहायची पद्धतही आवरती घ्यावी.)

कायद्याचंही ध्यानात असू द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते, हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं पुरतात. दगडी मूर्तींसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. शेतात पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. नांगराला लागलेली नाण्यांची घागर परस्पर कपाटात लावून आमदारांच्या हस्ते फीत कापलीत, तर पुढचा कार्यक्रम तहसील कचेरीत होईल.