लिंबू तुळस: गॅस बंद केल्यावर घालायची पानं

लिंबू तुळशीचा वास मुख्यतः सिट्रल या सुगंधी द्रव्याचा. गवती चहातही तेच असतं. तापलं की ते उडून जातं. त्यामुळे कढीपत्त्यासारखी ही पानं फोडणीत घातली तर कढईत उरतो नुसता काळपट पाला.

मंडईत ती हमखास मिळत नाही, कुंडी बरी. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात रोप अडून बसतं, म्हणून बी फेब्रुवारीअखेरीस टाका. तुरे दिसताच खुडा, नाहीतर पानं बारीक आणि राठ होत जातात. खुडलेल्या काड्या फ्रिजमध्ये काळ्या पडतात. ओट्यावर पाण्याच्या पेल्यात ठेवा.

चौघांच्या चटणीला एक वाटी ओला नारळ, दोन मुठी पानं (साधारण 25 ग्रॅम), दोन हिरव्या मिरच्या, एक टेबलस्पून डाळं, पाव चमचा जिरं, मीठ. आधी पानांखेरीज सगळं थोड्या गार पाण्यात बारीक वाटा. पानं शेवटी घालून मिक्सर थांबत थांबत तीन-चारदाच फिरवा. सलग फिरवला की भांडं तापतं, चटणी काळवंडते. पानांना वास लिंबाचा असला तरी आंबटपणा अजिबात नाही, तेव्हा लिंबू पिळावंच लागतं. पण वाढताना, कारण आंबटात हिरवा रंग मळकट होतो.

वरणात आणखी सोपं. हिंग-हळदीचं साधं वरण उकळलं की गॅस बंद करा, दहा-बारा पानं हातानं तोडून घाला, दोन मिनिटं झाकण. आमटीत घालण्यात अर्थ नाही, गोडा मसाला त्यांना गिळतो. इंडोनेशियात केळीच्या पानात मासा शिजवताना हीच पानं आत घालतात. पुडी बंद, त्यामुळे वास बराचसा आतच राहतो. पापलेटला हे छान जमतं.

पोषणाचं म्हणाल तर साध्या बेसिलच्या 100 ग्रॅम पानांत सुमारे 23 कॅलरी आणि 415 मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के असतं. ही तुळस त्याच्याच जवळची. वरच्या चटणीतून माणशी सहाएक ग्रॅम पानं पोटात जातात, म्हणजे अंदाजे 25 मायक्रोग्रॅम. पानांतलं बीटा कॅरोटीन अंगी लागायला स्निग्ध पदार्थ हवा. ते काम नारळ किंवा वरणावरचं तूप करतं. रक्त पातळ होण्यासाठी वॉरफरिन चालू असेल, तर एकदम वाटीभर चटणी खाऊ नका, कारण व्हिटॅमिन केमुळे त्या औषधाचा परिणाम कमी होतो. रोजच्या खाण्यात ही पानं आणायची असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.