जुन्या मोटारसायकलचा पिकअप मंदावल्यास दोष कसा शोधावा

1 एप्रिल 2020 रोजी प्रदूषणाची भारत स्टेज 6 मानके लागू होण्यापूर्वी विकल्या गेलेल्या बहुतेक मोटारसायकलींना कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करून इंजिनाला देणारा भाग, होता, आणि स्प्लेंडर, पल्सर यांसारख्या त्या काळातील असंख्य गाड्या आजही रोजच्या वापरात आहेत. अशा गाडीची मूठ पिळल्यावर ती लगेच उचलली नाही, क्षणभर दबली किंवा झटके खाऊ लागली, की कार्ब्युरेटर साफ करून घेण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो कधी कधी बरोबरही ठरतो. परंतु बाहेरच्या साध्या गोष्टी न तपासता कार्ब्युरेटर उघडला, तर मूळ दोष जागच्या जागी राहतो आणि व्यवस्थित असलेली सेटिंगही बिघडते. म्हणून तपासणी बाहेरून आत या क्रमानेच करावी, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून गाडी चालवून पाहावी.

दोष नेमका कधी जाणवतो?

इंजिन चांगले गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून दोष मुठीच्या कोणत्या टप्प्यावर येतो, ते नोंदवावे. मूठ थोडीशी, म्हणजे साधारण पाव भागापर्यंत, उघडताना गाडी अडखळत असेल तर संशय पायलट जेट (कमी मुठीला पेट्रोल सोडणारे कार्ब्युरेटरमधील बारीक भोकाचे जेट) आणि हवेच्या गळतीवर जातो. मधल्या टप्प्यात अडखळत असेल तर कार्ब्युरेटरमधील सुई आणि ती ज्यात वरखाली होते ते सुईचे जेट पाहावे लागते, आणि पूर्ण मूठ उघडल्यावरच दम तुटत असेल तर मेन जेट (पूर्ण मुठीला पेट्रोल देणारे मोठे जेट), तुंबलेला एअर फिल्टर किंवा अपुरे पेट्रोल यांपैकी काहीतरी असते. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, असे असेल तर क्लच प्लेट घसरत आहेत, आणि त्यावर कार्ब्युरेटरचा काहीही उपाय नाही. दोन्ही चाके उचलून हाताने फिरवून ब्रेक धरत नाहीत ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

दोष जाणवत असतानाच चोक (मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवणारा खटका) किंचित ओढून पाहणे ही माझ्या मते सर्वांत उपयुक्त चाचणी आहे, कारण तिला ना पाना लागतो ना खर्च. चोकने गाडी सुधारली तर इंजिनाला पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठून तरी जादा हवा शिरते आहे; आणखी बिघडली तर बहुधा पेट्रोल जास्त जाते आहे.

बाहेरची तपासणी

मुठीला 2 ते 6 मिलिमीटर मोकळी हालचाल असावी आणि सोडल्यावर ती स्वतःहून झटकन मागे यावी. हँडल दोन्ही टोकांना वळवूनही हेच पाहावे. कोकणासारख्या दमट हवेत केबलच्या आत गंज धरतो. अशी जड झालेली केबल तेल सोडूनही मोकळी झाली नाही, तर बदलणेच शहाणपणाचे.

स्पंजचा एअर फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, वाळवून हलके तेल लावून बसवता येतो. तेलात भिजवलेल्या कागदाचा फिल्टर मात्र धुऊ किंवा फुंकू नये, तो बदलावा. फिल्टर काढून टाकून गाडी वापरण्याची सवय वाईट आहे. धुळीने सिलिंडर आणि पिस्टनच्या रिंग झिजतात.

स्पार्क प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण योग्य आहे. कोरडी काळी काजळी जास्त पेट्रोल दाखवते, पांढरेपणा कमी पेट्रोल दाखवतो, आणि ओला तेलकट थर दिसला तर रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलकडे लक्ष द्यावे. प्लगमधील अंतर गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. अंधारात इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरकडे पाहिल्यास फुटक्या वायरीतून उडणाऱ्या ठिणग्या डोळ्यांनी दिसतात. त्या वेळी वायरीला हात लावू नये.

पेट्रोलची नळी काढून भांड्यात धार सोडावी. ती सलग पडली पाहिजे. सुरुवातीला चांगली पडून हळूहळू क्षीण होणारी आणि टाकीचे झाकण उघडताच पुन्हा जोर धरणारी धार म्हणजे झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले आहे. हे काम उघड्यावर, थंड इंजिनाजवळ आणि कोणतीही आग जवळ नसताना करावे.

कार्ब्युरेटर आणि इंजिन यांमधील रबर जुने झाले की त्याला तडे जातात, आणि तेथून हवा शिरली की गाडी स्लोवर, म्हणजे मूठ सोडून जागेवर चालू असताना, अस्थिर होते व मूठ उघडताच दबते. गाडी स्लोवर ठेवून त्या सांध्यावर थोडे पाणी शिंपडावे. इंजिनाचा वेग बदलला तर गळती तेथेच आहे. या चाचणीसाठी पेट्रोल कधीही वापरू नये.

यामाहा आरएक्स 100 सारख्या टू-स्ट्रोक गाडीत सायलेन्सरमध्ये साचलेला कार्बनही पिकअप मारतो.

कार्ब्युरेटर उघडताना

एवढे करूनही दोष राहिला तरच कार्ब्युरेटर उतरवावा. त्यापूर्वी मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने आत बसेपर्यंत किती फेऱ्या फिरतो ते मोजून लिहून ठेवावे. हा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्याने पेट्रोल वाढते, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा वाढते. हा फरक न पाहता स्क्रू फिरवल्याने अनेक गाड्या उलट जास्त बिघडतात.

तळाच्या वाटीत तांबूस गाळ किंवा पाण्याचे थेंब दिसले तर टाकीही साफ करणे भाग आहे. जेट पितळेचे असते आणि तार घातल्यास त्याचे भोक मोठे होते, म्हणून क्लीनर आणि हवेचा दाब यांनीच ते साफ करावे. उजेडाकडे धरल्यावर भोक पूर्ण गोल दिसले पाहिजे. पायलट जेटचे भोक फारच बारीक असल्याने घाईत ते साफ झाल्यासारखे वाटते.

स्प्लेंडरच्या कार्ब्युरेटरमध्ये केबल थेट स्लाइड, म्हणजे हवेची वाट कमीजास्त करणारा सरकता भाग, उचलते. बसवताना स्लाइडची खाच आतील खुंटीवर नीट बसवावी आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी स्लाइड टक् आवाज करून खाली पडते याची खात्री करावी. उलट बसलेली स्लाइड अडकून इंजिन एकदम भरधाव होऊ शकते. पल्सर 150 सारख्या गाडीत केबल फक्त झडप फिरवते आणि स्लाइड हवेच्या ओढीने पातळ रबरी पडद्यासह वर जाते. तो पडदा बोटांनी हलकेच ताणून दिव्यासमोर धरावा. सुईच्या टोकाएवढे छिद्र असले तरी स्लाइड पुरती उचलत नाही आणि गाडी अर्ध्या मुठीपुढे जड होते. या पडद्यावर क्लीनर मारू नये, त्याने रबर फुगते.

सर्व काही ठीक असूनही गाडी दबत असेल, तर थंड इंजिनावर टपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळ ठेवलेली बारीक फट, तपासून घ्यावेत. ढिले टपेट आवाज करतात म्हणून लक्षात येतात. घट्ट टपेट शांत असतात, पण व्हॉल्व्ह पूर्ण बंद होऊ देत नाहीत. टपेट योग्य असूनही कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) कमी भरले, तर काम रिंग किंवा व्हॉल्व्हचे आहे आणि ते जाणत्या मेकॅनिककडेच सोपवावे.