समुद्राची पातळी मोजायला येताय? आधी दुरुस्त्यांशी गाठ आहे

या कामात आलो तेव्हा गणित सोपं वाटलं होतं. उपग्रहाची उंची ठाऊक, रडारचा स्पंद पाण्यावर आपटून परत यायला लागलेला वेळ ठाऊक. वजाबाकी केली की झालं. पहिले सहा महिने त्या वजाबाकीपर्यंत पोचलोच नाही. सगळा वेळ दुरुस्त्यांनी, म्हणजे हवा, बाष्प, लाटा यांमुळे मापात येणारी चूक काढून टाकण्याने खाल्ला.

समुद्राची पातळी मोजणारे उपग्रह म्हणजे 1992 चा टोपेक्स/पोसायडन, मग जेसन मालिका, आता सेंटिनल-6. सगळ्यांची मूळ कक्षा एकच: 1336 किलोमीटर उंची, साधारण दहा दिवसांनी पुन्हा तोच मार्ग. एवढ्या उंचीवरून शोधायची असते वर्षाला तीन-चार मिलिमीटरची वाढ! नुसत्या कोरड्या हवेमुळे स्पंद इतका रेंगाळतो की अंतर सुमारे 2.3 मीटरने जास्त भरतं. पण ती दुरुस्ती हवेच्या दाबावरून नीट काढता येते. खरा छळ बाष्पाचा. त्याचा परिणाम कुठे काही सेंटिमीटर, कुठे चाळीसच्या घरात, म्हणून उपग्रहावर बाष्प मोजणारा रेडिओमीटर वेगळा बसवलेला असतो. शिवाय लाटांचे खोलगट भाग माथ्यांपेक्षा जास्त परावर्तन करतात, त्यामुळे पातळी आहे त्याहून खाली दिसते.

माझी पहिली चूक मात्र यातली नव्हतीच. अक्षांश-रेखांशांच्या जाळीतल्या सगळ्या चौकटींची मी सरळ सरासरी काढली. 60 अंश अक्षांशावरची चौकट विषुववृत्तावरच्या चौकटीच्या निम्मीच असते, हे शाळेतलं भूगोल-गणित विसरून!

नव्यांनी तयार नकाशांपासून सुरुवात करू नये, असं माझं मत आहे. एकाच मार्गाचा कच्चा डेटा घ्या, एकेक दुरुस्ती काढून टाका आणि आलेख कसा बिघडतो ते बघा. रेडिओमीटर वर्षाला मिलिमीटरभर जरी सरकला, तरी ती समुद्राची वाढ वाटते. म्हणून किनाऱ्यावरच्या भरतीमापकांशी ताळा घ्यायचा. जेसन-3 आणि सेंटिनल-6 तर एकमेकांशी अशीच पडताळणी करण्यासाठी जवळपास वर्षभर कक्षेत 30 सेकंदांच्या अंतराने एकामागोमाग फिरवले होते.

संशयाची अशी सवय लागली की 2010-11 चा खड्डा दिसतो. जागतिक पातळी सुमारे 5 मिलिमीटर खाली! मी दोन आठवडे कोडमधली चूक शोधत होतो. चूक नव्हतीच. ला निनाच्या (प्रशांत महासागराचा विषुववृत्ताजवळचा मध्य-पूर्व भाग नेहमीपेक्षा थंड होण्याच्या) त्या काळात ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेवर प्रचंड पाऊस पडला होता, समुद्राचं पाणी काही काळ जमिनीवर मुक्कामाला गेलं होतं, आणि तिथलं वाढलेलं वजन ग्रेस उपग्रहांच्या गुरुत्वमापनात नोंदलेलं होतं.