पोस्ट हाती लागली, बातमी अजून यायची आहे

पत्रकारितेत नव्याने येणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: सगळं आधी सोशल मीडियावरच येतं, मग बातमीदाराने करायचं काय? इतकी वर्षं डेस्कवर काढल्यावर मी सांगते, काम कमी झालेलं नाही, फक्त त्याची जागा सरकली आहे. पूर्वी घटना कळणं हेच अर्धं काम असायचं. आता घटना कळते आणि तिथून पुढे काम सुरू होतं.

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या हडसन नदीत एक प्रवासी विमान उतरवावं लागलं. मदतीला निघालेल्या फेरीबोटीवरच्या एकाने मोबाइलवर फोटो काढून ट्विटरवर टाकला आणि बघता बघता तो जगभर पोचला. प्रत्यक्षदर्शी आता आपली वाट पाहत थांबणार नाही, हे तेव्हाच दिसलं. पण विमानात १५५ जण होते, सगळे वाचले, पक्ष्यांच्या धडकेने दोन्ही इंजिनं निकामी झाली होती, यातलं काहीच त्या फोटोत नव्हतं. ते कुणाला तरी विचारून, तपासून मिळवावं लागलं.

म्हणून पोस्ट दिसली की तिला टिप समजा, म्हणजे तपासायचा धागा, बातमी नव्हे. खातं कधी उघडलंय, आधी त्यावर काय लिहिलंय, हँडलच्या, म्हणजे खात्याच्या नावाच्या, स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर बदललेलं नाही ना, हे पाहा. ब्ल्यू टिकवर विसंबू नका. एप्रिल २०२३ मध्ये ट्विटरने ओळख तपासून दिलेल्या जुन्या पद्धतीच्या टिक काढून टाकल्या, आता पैसे भरूनही ती मिळते. फोटो रिव्हर्स इमेज सर्चमध्ये टाका, तो आधी कुठे आलाय ते कळतं. दुसऱ्याच देशातल्या जुन्या पुराचा फोटो ‘आत्ताचा’ म्हणून फिरताना मी कितीदा पाहिलाय. पाट्या, वाहनांच्या नंबरप्लेट, सावल्यांची दिशा, त्या दिवशीचं हवामान, सगळं जुळतंय का बघा.

यातलं कुठलंही तंत्र फोटो काढणाऱ्याशी बोलण्याची जागा घेऊ शकत नाही. त्याला मेसेज करताना आधी तो सुरक्षित आहे का ते विचारा. माणूस संकटात असेल तर आपली डेडलाइन दुय्यम आहे. मग विचारा, फोटो तुम्हीच काढलात का, कुठे उभे होतात, आधीचे-नंतरचे फोटो आहेत का. ज्याने स्वतः काढलाय त्याच्या फोनमध्ये सहसा आणखी दोन-चार सापडतात. मूळ फाइल मागून घ्या, कारण सोशल मीडियावर चढवताना तिच्यातली वेळेची-जागेची माहिती बहुधा पुसली जाते. आणि वापरायची परवानगी स्पष्ट शब्दांत घ्या.

ओळखीचं, मोठं हँडल असलं म्हणूनही निर्धास्त होऊ नका. २३ एप्रिल २०१३ रोजी असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेचं ट्विटर खातं हॅक झालं आणि व्हाइट हाउसमध्ये दोन स्फोट होऊन राष्ट्राध्यक्ष ओबामा जखमी झाल्याचं त्यावरून सांगितलं गेलं. काही मिनिटांत अमेरिकी शेअर बाजाराचा डाउ जोन्स निर्देशांक १४०हून अधिक अंशांनी कोसळला. खोटं उघड झाल्यावर तो सावरला, पण तोवर अनेकांनी ते ट्वीट पुढे पाठवलंही होतं.

आता लोकचर्चेबद्दल, कारण इथे नव्या मुलांची फसगत जास्त होते. ट्रेंड म्हणजे जनमत नव्हे. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०१९ मध्ये तिथल्या प्रौढ ट्विटर वापरकर्त्यांचा अभ्यास केला, त्यात ८० टक्के ट्वीट फक्त १० टक्के लोकांची निघाली. पाच-सहा पोस्ट चिकटवून ‘नेटकरी संतापले’ असा मथळा दिलेली बातमी माझ्याकडे आली की मी ती परत पाठवते. बाकीचे गप्प का आहेत, हे त्यांच्याकडे जाऊन विचारावं लागतं.

तरी ही माध्यमं फक्त गोंगाट आहेत असं मी कधीच म्हणणार नाही. ऑक्टोबर २०१७ नंतर ‘मी टू’ हॅशटॅगखाली असंख्य स्त्रिया स्वतःवरच्या लैंगिक छळाबद्दल बोलल्या. वृत्तपत्रांच्या शोधबातम्यांनी आधी वाचा फोडली होती, पण एकीचं ऐकून दुसरीला बळ मिळणं हे या मंचांवर घडलं. कोरोनाच्या काळात शास्त्रज्ञ नवे शोधनिबंध थ्रेडमधून, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या पोस्टमधून, उलगडून सांगत होते. बातमीतली चूक वाचक आता तासाभरात दाखवतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

चूक झालीच तर पोस्ट गुपचूप उडवू नका. काय चुकलं, बरोबर काय, हे त्याच हँडलवरून लिहा. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ‘सायन्स’ या संशोधनपत्रिकेत मांडलं होतं की ट्विटरवर खोट्या बातमीला रिट्वीट मिळण्याची शक्यता खऱ्यापेक्षा ७० टक्के जास्त होती. दुरुस्ती मागेच पडणार, म्हणून ती आणखी ठळक हवी.

शेवटचं व्यवहाराचं. ट्विटर ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांच्याकडे गेलं, जुलै २०२३ मध्ये एक्स झालं. बरेच जण मॅस्टोडॉन, थ्रेड्स, ब्ल्यूस्काय अशा दुसऱ्या मंचांकडे पांगले. ज्यांचे सोर्स फक्त एकाच मंचाच्या इनबॉक्समध्ये होते त्यांची पंचाईत झाली. ऑनलाइन भेटलेल्या प्रत्येक कामाच्या माणसाचा फोन नंबर पहिल्याच आठवड्यात मागून घ्या, आणि बातमी नसतानाही अधूनमधून फोन करत राहा.